शेजारचे फोटो

अनुराधाने वारलेल्या बाईंचा फोटो माउसने उचलला आणि पानाच्या पार तळाशी नेऊन ठेवला. वर राहिलं दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. आता कसं तिच्या जिवाला बरं वाटलं.

ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात बसून ती अमेरिकेतल्या हार्लन फॉल्स नावाच्या शहराच्या वर्तमानपत्राची पानं लावायची. शहर तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण तिथला महापौर कोण, रस्त्यावरचा बर्फ काढण्यावरून कोण कोणाशी भांडलं, जत्रेत कोणाचा भोपळा पहिला आला, सगळं तिला पाठ. 'आपली माणसं' हे पान तर तिचं लाडकं. आज त्यात होत्या लिंडक्विस्टबाई. जन्मभर गावाचं ग्रंथालय सांभाळलेल्या, नुकत्याच गेलेल्या. सोबत त्याच दिवशी जन्मलेली त्यांची नात. दोन्ही फोटो शेजारी छापा, अशी सूचनाही आली होती. अनुराधाने ती वाचली, आणि कोणीतरी घाईत काहीबाही लिहिलं असेल असं ती धरून चालली. कालच्या जिवाला कोणी मयताच्या मांडीला मांडी लावून बसवतं का?

दोन दिवसांनी तिची टीम लीडर ब्रॉनविन खुर्ची ओढून जवळ बसली. एरवी ही बाई उभ्या उभ्याच बोलायची. लिंडक्विस्ट आजोबांनी तिकडच्या संपादकांना फोन केला होता. सूचना त्यांचीच होती. एकाच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर नात जन्मली, पण तिला पाहण्याआधीच आजी गेली. निदान कागदावर तरी दोघी शेजारी असाव्यात आणि तो अंक आजीसोबत शवपेटीत जावा, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

"मग?" अनुराधाने विचारलं.

"मग काय, त्यांनी कात्री घेतली. बाळाचा फोटो कापून बायकोच्या फोटोशेजारी चिकटवला आणि तेच तिच्या हाताखाली ठेवलं. दफन झालंसुद्धा." मग ब्रॉनविनने विचारलं, "तू सूचना वाचली नव्हतीस?"

"वाचली होती. मला वाटलं, बाळासाठी ते बरं नाही."

"का?"

तिची लेक श्रिया इथे ऑकलंडला जन्मली, त्याच दिवशी तिकडे साताऱ्यात अनुराधाचे वडील, आबा, गेले. तेव्हापासून त्या तारखेला आई फोन करत नसे. लेकराच्या दिवशी आपला रडका आवाज नको, म्हणून. अनुराधाही करत नसे. केक पुढच्या शनिवारी कापायचा, आणि आबांचं नाव त्या दिवशी घरात काढायचं नाही, हे कोणी न सांगताच ठरून गेलं होतं.

पान दुरुस्त करून पुढच्या अंकात पुन्हा छापायचं होतं. ते तिनेच लावलं, दोन्ही फोटो अगदी खेटून. म्हाताऱ्याच्या हातातली कात्री मात्र काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी श्रियाचा वाढदिवस होता. संध्याकाळी पोरगी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत बागेतून आत आली, तर आई फोन कानाला लावून बसलेली. साताऱ्यात तेव्हा सकाळ होती. तिकडून आजीचा घाबरा आवाज आला.

"आज कसा गं फोन? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. श्रियाचा वाढदिवस आहे, आई."

आजी हळूच म्हणाली की ती आत्ताच आबांच्या फोटोला हार घालत होती, आणि आता फोन ठेवते, पोरीच्या कानावर नको.

"ठेवू नकोस," अनुराधा म्हणाली. "तिला आबांचं काहीतरी सांग."

तिने फोन श्रियाच्या हातात दिला. श्रियाला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती इंग्रजीतच.

"आजी, डिड ही लाइक केक?"

"आवडायचा म्हणजे काय! डॉक्टरांची नजर चुकवून खायचे," आजी म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला. श्रियाने आईकडे पाहिलं. अनुराधाने फोन काढून घेतला नाही.