राजधानी देऊन टाकली

डॉक्टरीणबाईंना मत नाही असा विषय अजून कोणाला सापडलेला नव्हता. त्या दातांच्या डॉक्टर. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडाचा आ वासलेला, आत आरसा आणि चिमटा. समोरच्याला 'अं' आणि 'आ' याखेरीज काही बोलता येत नाही अशा धंद्यात माणसाची मतं चांगली पोसली जातात. "मुळापासून किडलंय, वरवर भरून उपयोग नाही," असं त्या म्हणाल्या की ते दाढेबद्दल आहे की सरकारबद्दल, हे पेशंटला चूळ भरेपर्यंत कळत नसे.

जे खुर्चीत सापडत नसत त्यांच्यासाठी बाईंनी इंटरनेटवर एक पान काढलं होतं. त्याचं नाव 'अक्कलदाढ'. दर रविवारी एक लेख. कधी राजे, चेटकिणी आणि ड्रॅगन असलेल्या जाडजूड फँटसी कादंबऱ्यांवर, कधी पटावरच्या डावपेचांच्या खेळांवर, कधी नव्या तंत्रज्ञानावर आणि उरलेल्या वेळी राजकारणावर. ही खिचडी कशासाठी, असं कोणी विचारलं की बाई म्हणत, "चारही ठिकाणी प्रश्न एकच असतो. कोणाच्या हातात काय आहे, आणि ते गेलं तर तो काय करेल." वाचणारे पुष्कळ होते. त्यातले निम्मे भांडायला यायचे, आणि बाईंना तेच जास्त आवडायचे.

त्यांची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. तिला सगळे धाकटीच म्हणत, ती पंचेचाळिशीची झाली तरी. शहराच्या पाणीखात्यात ती इंजिनीयर होती. जमिनीखालून कुठली पाइपलाइन कुठे जाते आणि कुठे गळते, हे बघणं तिचं काम. ताईने बोलायचं आणि धाकटीने ऐकायचं, ही घरातली वाटणी लहानपणीच झाली होती, आणि तिच्यावर कोणी कधी हरकत घेतली नव्हती. मतदानाला दोघी बरोबर जायच्या आणि एकमेकींचं मत खोडून यायच्या, एवढाच काय तो धाकटीचा विरोध.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पट मांडला जायचा. खेळणारे तिघं: बाई, धाकटी आणि बाईंचे यजमान. यजमान कॉलेजात गणित शिकवायचे, पण पटावर त्यांचं गणित फार सोपं होतं. कोपऱ्यातलं एक बेट घ्यायचं आणि तिथे सुखाने नांदायचं. बाई चढाई करायच्या. धाकटी आपल्या राजधानीभोवती किल्ले बांधत बसायची आणि शेवटी थोडक्यात हरायची. अशी कित्येक वर्षं गेली.

त्या वर्षी एक कादंबरी गाजायला लागली. प्रकाशक छोटा, लेखक नवा. मुखपृष्ठावर नुसतं 'दूरस्थ' हे टोपणनाव. ना फोटो, ना ओळख. गोष्ट एका राणीची. चाळीस हजारांचं सैन्य चालून येतं, तेव्हा ती न लढता राजधानीचे दरवाजे उघडते आणि आपली सगळी माणसं होड्यांत घालून नदीच्या वरच्या अंगाला निघून जाते. शेवटी देशाची सभा भरते, आणि तिथे राणीच्या एका भाषणाने पारडं फिरतं.

बाईंनी ती वाचली आणि रविवारी 'अक्कलदाढ'वर तिची पार सालटी काढली. आक्षेप तीन. एक, हातची राजधानी कोणी अशी देऊन टाकत नाही. हे शौर्यही नव्हे आणि शहाणपणही नव्हे. दोन, चाळीस हजार माणसं पाणी काय पितात याचा लेखकाला पत्ताच नाही. तीन, सभा एका भाषणाने पलटत नसते. इथवर सगळं नेहमीसारखं होतं. पण लेख रंगात आला होता, आणि रंगात आल्यावर बाईंना लगाम घालणं त्यांना स्वतःलाही जमत नसे. शेवटी त्यांनी लिहिलं: 'लेखकाला चेहरा नाही, गाव नाही, गतकाळ नाही. ज्याचा आयुष्यात एकही दात कधी दुखलेला नाही अशा कोणीतरी हे लिहिलंय. माझं स्पष्ट मत आहे की हे पुस्तक यंत्राने लिहिलं आहे.'

तीन आक्षेप कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. शेवटचं वाक्य मात्र वणव्यासारखं पसरलं. जो तो पुस्तकात यंत्राच्या खुणा शोधायला लागला, आणि शोधायला बसलं की सापडतातच. दुकानांनी प्रती पुढच्या टेबलावरून उचलून मागच्या फळीवर टाकल्या. प्रकाशकाने हा माणूसच आहे असं परोपरीने सांगितलं, पण माणूस दाखवा म्हटल्यावर त्याला गप्प बसावं लागलं. ओळख न सांगण्याचा शब्द त्याने लेखकाला दिला होता. पुस्तकाचा दुसरा भाग येणार होता, तो बेमुदत लांबला.

पुढच्या शनिवारी धाकटी नेहमीसारखी आली. पट मांडता मांडता यजमानांनी विचारलं, "तू वाचलंस का ते पुस्तक, ज्याच्यावरून एवढा गदारोळ चाललाय?"

"वाचलंय की," धाकटी म्हणाली आणि सोंगट्या लावत राहिली.

खेळ सुरू झाला. बाईंनी चढाई केली. धाकटी त्या दिवशी किल्ले बांधत नव्हती. ती प्रत्येक फेरीला कोठारातलं धान्य होड्यांत भरून नदीच्या वरच्या अंगाला नेत होती. बाईंना वाटलं, आज हिचं लक्ष नाही. त्यांनी सैन्य थेट राजधानीच्या वेशीवर आणलं.

"घे," धाकटी म्हणाली. तिने राजधानीवरची आपली सोंगटी उचलली आणि बाजूला ठेवली.

"लढणार नाहीस?"

"नाही."

या खेळात राजधानी गेली म्हणून डाव संपत नाही, पण ती घालवून कोणी जिंकल्याचं त्या टेबलावर तरी कोणी पाहिलं नव्हतं. बाईंनी मोठ्या समाधानाने आपली सोंगटी तिथे ठेवली. नियमाप्रमाणे ज्याची राजधानी त्याने तिला दर फेरीला धान्य पुरवायचं. बाईंनी कोठार बघितलं तर ते रिकामं. आजूबाजूची कोठारंही रिकामी. पुढच्या फेरीला त्यांचं निम्मं सैन्य उपाशी म्हणून पटावरून उतरलं. त्याच्या पुढच्या फेरीला उरलेलं निम्मं. धाकटी वरून सावकाश होड्यांनी खाली आली आणि ओसाड पडलेले प्रांत एकेक करून गोळा करायला लागली.

बाईंचा हात पटावर तसाच थांबला. दरवाजे उघडणं, होड्या, नदीचं वरचं अंग. हे सगळं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं.

"ही चाल तू त्या पुस्तकातून उचललीस," त्या म्हणाल्या.

"नाही," धाकटी म्हणाली. "पुस्तकात ती माझ्याकडून गेली."

यजमान आपल्या बेटावरून दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "मला कोणी नीट सांगेल का?"

"भाऊजी, ते पुस्तक मी लिहिलंय."

यजमान उठले, आतल्या खोलीत गेले आणि उशाशी ठेवलेली प्रत घेऊन आले. "सही कर. माझं निम्मंच झालंय, तेव्हा पुढचं कोणी बोलू नका." मग बायकोचा चेहरा बघून त्यांना कॉफी करण्याची गरज वाटली आणि ते स्वयंपाकघरात गेले.

बाईंना आधी लाज वाटली नाही, आधी राग आला. आपल्या पाठची बहीण एवढं जाडजूड पुस्तक लिहिते आणि आपल्याला ताकास तूर लागू देत नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ताई म्हणून वाचलं असतंस. मला अक्कलदाढेचं मत हवं होतं."

"मिळालं ना."

"मिळालं. आणि तू झोडपलंस याचं मला काही नाही. राजधानी द्यावी की नाही, सभा पलटते की नाही, ती तुझी मतं. तू तुझी ठेव, मी माझी ठेवते." धाकटीचा आवाज चढला नव्हता. पाइप कुठे फुटलाय हे ती ज्या आवाजात सांगते, तोच हा आवाज. "पण यंत्राने लिहिलंय, हे मत नाही, ताई. ती बातमी आहे, आणि खोटी आहे."

बाई डाव अर्धवट टाकून आपल्या सोंगट्या गोळा करायला लागल्या. ही गोष्ट त्या घरात क्वचितच घडायची.

"आणखी एक विचारते. पाण्याचं प्रकरण वाचलंस?"

"कुठलं?"

"'कालव्याची पातळी'. राजधानीला पाणी वरच्या कालव्यातून येतं. राणी माणसं घेऊन वर जाते आणि झडपा बंद करते. चाळीस हजार माणसं कोरड्या शहरात अडकतात. तुझा पहिला आणि दुसरा आक्षेप त्या एका प्रकरणात संपतात."

"चाळलं होतं ते."

"चाळलं म्हणजे नाही वाचलं."

खरं होतं. अर्धं पुस्तक होईतो लेख बाईंच्या डोक्यात तयार झाला होता. 'कालव्याची पातळी' असं रुक्ष नाव बघून त्यांनी पानं भराभर उलटली होती. पेशंटने तोंड उघडायच्या आत निदान करणाऱ्या डॉक्टरांना त्या मूर्खात काढायच्या, आणि इथे त्यांनी स्वतः तेच केलं होतं.

"लेख काढून टाकते मी," त्या म्हणाल्या.

"अजिबात नको. लोक म्हणतील, बहीण निघाली म्हणून काढला. तो तसाच राहू दे. त्याच्याखाली काय लिहायचं ते लिही."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद होता. बाई किल्ली घेऊन तिथे गेल्या आणि आपल्या स्टुलावर न बसता पेशंटच्या खुर्चीत टेकल्या. डोक्यावरचा दिवा लावून त्यांनी ते प्रकरण अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यात राणी एका म्हाताऱ्या झडपवाल्याबरोबर रात्रभर पाण्याची पातळी बघत बसते. शहर सोडल्याचं तिला दुःख आहे, पण ती एकदाच रडते, तेही हात ओले असल्यामुळे कोणाला कळत नाही. बाईंनी पुस्तक मिटलं, आणि आपण बहिणीला किती कमी ओळखतो, हा विचार त्यांना टोचत राहिला. त्याबरोबर अभिमानही वाटला. तो त्यांनी दाबला नाही.

लेख त्यांनी तिथेच लिहिला. 'पुस्तक यंत्राने लिहिलं आहे असं मी लिहिलं. ते खोटं आहे. लेखिका माझी सख्खी बहीण आहे, आणि मला हे काल कळलं. पहिले दोन आक्षेपही मी मागे घेते, कारण ज्या प्रकरणात त्यांची उत्तरं आहेत ते मी वाचलंच नव्हतं. न वाचता लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मी इथे वेळोवेळी लिहिलेलंच आहे. ते सगळं मला लागू आहे. तिसरा आक्षेप कायम. सभा एका भाषणाने पलटत नाही.' नाव मात्र बहिणीला विचारल्याशिवाय छापलं नाही. धाकटीने वाचलं आणि म्हणाली, "घाल नाव. आता काय लपवायचं."

एवढ्याने प्रकरण मिटेल असं बाईंना वाटलं होतं. मिटलं नाही. खप वाढवायला बहिणींनी संगनमत केलंय, अशी नवी आवई उठली. प्रकाशक रडकुंडीला आला. तेव्हा धाकटीनेच सुचवलं की पुस्तकाच्या दुकानात कार्यक्रम ठेवा, मी समोर बसते, ताईला प्रश्न विचारू दे.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. त्या भरल्या, आणि उरलेले लोक जिन्यावर बसले. बाईंनी प्रास्ताविक वगैरे काही केलं नाही. "सभा एका भाषणाने पलटते, हे तुला कोणी सांगितलं?"

"मी पाहिलंय."

"कुठे? मी आपल्या भागातल्या प्रत्येक सभेला जाते. लोक घरूनच ठरवून आलेले असतात."

"तू बोलायला जातेस, म्हणून तुला ते ठरवून आलेले वाटतात. मी मागे बसून ऐकते. पाणी कपातीच्या सभेत एक बाई उठली आणि दोन मिनिटं बोलली. सगळी खोली बदलली."

"ती खोली कंटाळली होती. तिला घरी जायचं होतं."

"ताई, तू त्या सभेत होतीस. तूसुद्धा हात वर केलास."

"मी हात वर केला तो खिडकी उघडा म्हणून."

लोक हसायला लागले. बाई हसल्या नाहीत, धाकटीही नाही. दोघी खुर्च्या पुढे ओढून इरेला पेटल्या. लहानपणी कॅरममध्ये कोणी कोणाला फसवलं होतं इथपर्यंत मजल गेली. आपण पन्नास-साठ लोकांपुढे बसलोय हे दोघी विसरल्या होत्या. जिन्यावरून एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "यंत्र असं भांडत नाही हो." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आठवड्याभरात पुस्तक पुन्हा पुढच्या टेबलावर आलं. दुसऱ्या भागाची तारीख जाहीर झाली. प्रकाशकाने मोठ्या आशेने बाईंना फोन केला आणि मागच्या पानावर चार कौतुकाचे शब्द द्याल का असं विचारलं. "देणार नाही," बाई म्हणाल्या. "छापून आल्यावर विकत घेईन, सगळं वाचीन, मग बोलेन."

हे सगळं नंतर झालं. कार्यक्रमाच्या दिवशी तो संपल्यावर दोघी दुकानाबाहेर पडल्या तेव्हा रस्त्यावर अजून उजेड होता. यजमान मागून पुस्तक छातीशी धरून येत होते. त्यांची शेवटची दोन प्रकरणं राहिली होती, म्हणून भांडण चालू असताना त्यांनी कानांत बोटं घातली होती.

"दुसऱ्या भागातही एक सभा आहे," धाकटी म्हणाली. "तुला पटणार नाही."

"मग पटेल अशी लिही."

"नाही लिहिणार."

"नको लिहूस. मी आहेच."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि समोरचा दिवा हिरवा झाला तशी ताईच्या आधी रस्ता ओलांडायला निघाली.