समासातला अंगठा

त्याने इंटरनेटची वायर भिंतीतून इतक्या जोरात उपटली की तिच्यामागून खोकंही जमिनीवर आलं. हिरवा दिवा विझला. तरी तो वायरचं टोक मुठीत धरून उभाच होता.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं. ती औषधांच्या दुकानातली नोकरी आटपून नुकतीच आली होती आणि तिने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"कंपनी आली होती."

"कुठे?"

त्याने कॉम्प्युटरकडे बोट केलं. पडद्यावरच्या चौकटीत एकच लाल ओळ होती.

कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या आईने दाराकडे पाहिलं. "कोण आलं म्हणालास? चहा टाकू का?"

तो एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत दुरुस्तीचा मेकॅनिक होता. कंपनीने जुन्या लिफ्टचे सुटे भाग बंद केले होते आणि त्यांची मॅन्युअल्स कपाटात टाकून वर कुलूप लावलं होतं. लोकांनी जुनी लिफ्ट मोडीत काढून नवी घ्यावी, हा त्यामागचा सरळ हिशेब. पण जुन्या लिफ्ट चालूच होत्या, आणि बाहेरचे मेकॅनिक त्यांचे ब्रेक अंदाजाने कसत होते. पूर्वी त्याच्याबरोबर काम शिकलेल्या एका मित्राने ब्रेकचं तेवढं एक पान मागितलं. एका पानापायी कुणाचा जीव जायला नको म्हणून त्याने अख्ख्या पुस्तकाचे फोटो काढले आणि कुणालाही उतरवून घेता येतील असे ठेवून दिले.

अशी फाइल एका जागी राहत नाही. ज्याच्याकडे ती आहे, तो दुसऱ्याला तुकड्यातुकड्याने देत राहतो, आणि देणाऱ्याघेणाऱ्यांना एकमेकांचे इंटरनेटवरचे पत्ते दिसतात. म्हणून त्याने नको ते पत्ते परस्पर परतवून लावणारा एक प्रोग्राम बसवला होता. कंपनीचे सगळे पत्ते हुडकून त्याने त्यात भरले होते. त्यांपैकी कुणी दार वाजवलं की लाल ओळ उमटायची. आजवर एकदाही उमटली नव्हती.

कळलं तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर कंपनीने दिलेल्या या दोन खोल्याही. आईला घेऊन जायचं कुठे, हा विचार त्याने कधी पुरता केलाच नव्हता. आता तो करावा लागत होता.

"लाल म्हणजे अडवलं ना? तूच सांगितलं होतंस," बायको म्हणाली.

"अडवलं. पण शोधतायत म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलंय."

"बघू तरी काय वाटत सुटलायस ते. इतके दिवस नुसतं ऐकतेय."

त्याने फाइल उघडून दिली. ती उभ्याउभ्याच पानं सरकवू लागली. आकृत्या, बाण, आकडे. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं तिच्या चेहऱ्यावर दिसतही होतं. ब्रेकच्या पानावर मात्र ती थांबली, वाकली आणि हसली. मग तिचं हसू विरलं.

"हा तुझा अंगठा आहे."

पुस्तक जाडजूड होतं, उघडं राहत नव्हतं. उजव्या हातात फोन धरून त्याने डाव्या अंगठ्याने पान दाबलं होतं. समासात तो अंगठा स्वच्छ आला होता. नख मधोमध दुभंगलेलं, दोन्ही अर्धी दोन दिशांना वाढलेली. ते पान त्याने कितीदा तपासलं होतं, पण आकडे नीट वाचता येतात की नाही एवढंच बघितलं होतं. स्वतःचा अंगठा कोण बघत बसतो?

"शाबास! दाराला कडी, कुलूप, अडसर," बायको म्हणाली, "आणि बाहेर स्वतःचा फोटो!"

"कोणाचा अंगठा?" आईने विचारलं. "अंगठा देण्याआधी वाचून घ्यावं माणसाने. तुझ्या आजोबांनी..."

"आई, मटार सांडतायत," बायको म्हणाली.

त्याने आपल्याकडून फाइल वाटणं बंद केलं आणि मगच वायर पुन्हा जोडली. तोवर ती शेकडो लोकांकडे गेलेली होती. बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत.

ते नख बायकोइतकंच ओळखणारा आणखी एक माणूस होता. लिफ्टच्या दाराच्या कप्पीत अंगठा सापडला तेव्हा फोरमननेच तो सोडवला होता. फोरमनला सगळे मामा म्हणत, पण प्रेमाने नव्हे. सगळ्यांचे कान उपटण्याचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला होता, म्हणून. त्या दिवशी आपल्या रुमालात गुंडाळलेला तो हात मामाने डॉक्टरकडे पोचेपर्यंत वर धरून ठेवला होता आणि वाटभर शिव्या दिल्या होत्या.

सकाळी कामावर पोचताच निरोप आला, सगळ्यांनी साहेबांच्या खोलीत जमायचं. आत शिरताना त्याने डावा हात खिशात घातला. साहेबांच्या टेबलापाशी मामा उभा होता आणि त्याच्या हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता.

"आपल्यातल्या कुणीतरी मॅन्युअल बाहेर फोडलंय," साहेब म्हणाले. "वरून विचारणा आली आहे. मामा, सापडलं काही?"

"काल संध्याकाळी इथल्याच कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, साहेब. एक जण काही केल्या देईना. बाकीच्यांनी पटापट दिलं."

त्याला लगेच कळलं. तो न देणारा एक जण म्हणजे आपणच.

"हात खिशातून काढ," मामा एकदम म्हणाला.

सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले.

"साहेब बोलतायत आणि हा खिशात हात घालून उभा. लग्नाला आलायस?"

त्याने हात बाहेर काढला. आता मामा जवळ येणार, मनगट धरणार आणि अंगठा कागदावर टेकवणार, याची त्याला खात्री होती. आईचं सामान आधी बांधावं लागेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. बाकीच्यांचे हातही असेच लोंबत होते, काळे, चिरलेले, कुणाचं नख गेलेलं. मामाने त्याच्याकडे पुन्हा बघितलंही नाही.

साहेब एकेक पान उलटू लागले. त्यांना पडद्यावर वाचलेलं पटत नसे, सगळं कागदावर लागे. ब्रेकचं पान आलं. तो मान लांबवून बघत राहिला. आकृती होती, आकडे होते, शेजारचा समास मात्र पांढराशुभ्र होता.

"ही कड अशी कोरी कशी?" साहेबांनी विचारलं.

"झेरॉक्सचं काय खरं असतं, साहेब," मामा म्हणाला. "मूळ प्रिंट डागाळली होती, फाडून टाकली. ही तिचीच झेरॉक्स."

"म्हणजे कुणाचं काम ते कळत नाही?"

"नाही. हे मॅन्युअल शाखेशाखेत पडलंय. कुणाचंही असेल."

साहेबांनी मामाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग गठ्ठा पाकिटात घातला. "वर असंच कळवतो. त्यांना हवं तर ते स्वतः उतरवून बघतील."

"बघू देत," मामा म्हणाला. "एक सांगू का, साहेब? या पोरांना हातमोजे द्या आणि ते घातल्याशिवाय कशाला हात लावू देऊ नका. कुणाची बोटं बघवत नाहीत."

साहेब हसले. मग बाकीचेही हसले, आणि त्यांच्याबरोबर तोही.

बाहेर आल्यावर त्याला मामाच्या पाया पडावंसं वाटलं. पण मामा कधीच जिन्याकडे निघून गेला होता आणि खालच्या कुणावर तरी ओरडत होता. वर फाइल उघडून बघतील का, बघितली तर कधी, हे त्याला कुणीच सांगू शकणार नव्हतं. ती भीती आता त्याच्या घरातच राहायला आली होती.

कामाला निघायचं म्हणून त्याने आपली अवजारांची पेटी उघडली. पान्यांवर कोऱ्या हातमोज्यांची जोडी होती. तिच्याखाली, जुन्या रुमालात बांधलेलं, काहीतरी जड होतं. रुमालावर एक तपकिरी डाग होता, कितीही धुतला तरी न गेलेला. त्याने गाठ सैल केली. आत आणखीच जुन्या लिफ्टचं मॅन्युअल होतं, जे म्हणे कुठल्याच शाखेत उरलं नव्हतं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग आधी हातमोजे चढवले.