ठिणगीची दांडी

बिरप्पाने पेट्रोलची नळी सोडवली, तोंडाला लावली आणि फुंकली. हवा काही जाईना. पेट्रोलचा घोट मात्र तोंडात आला. तो रस्त्याच्या कडेला थुंकला आणि पुन्हा फुंकू लागला.

सोलापूरहून निघालेली सर्विस मोटार अक्कलकोट सोडून तीन मैलांवर बंद पडली होती. पुढे मैंदर्गीपर्यंत उघडं रान. उतारू खाली उतरून बाभळीच्या विरळ सावलीत बसले होते आणि त्यांची तोंडं चालू होती.

"ह्यापरीस माझी म्हस बरी," केराबाई नावाची म्हातारी म्हणाली. ती दर बाजाराला याच मोटारीने जाई. "बसली तर शेपूट पिरगाळून उठवता तरी येती."

"आजी, हिला शेपूट असतं तर तुमालाच बोलावलं असतं की," बिरप्पा म्हणाला. लोक हसले.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "उलटीकडनं फुंक. कचरा आला त्या वाटेनंच माघारी गेला पायजे."

बिरप्पाचे हात थांबले. हा आवाज त्याने आठ वर्षांत ऐकला नव्हता. वळून न पाहता त्याने नळी उलटी केली आणि फुंकली. काळपट कचरा बाहेर पडला. मग तो वळला.

शिवशरण मिस्त्री उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर भस्माचे पट्टे, काखेत कापडी पिशवी. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळून तसंच राहिलेलं. सोलापुरात गर्दीतून ते मागच्या बाकावर चढले असणार. ड्रायव्हर कोण आहे हे त्यांनाही ठाऊक नसणार.

"बिरप्पाच न्हवं तू?"

"व्हय, मिस्त्री."

"जाड झालास की." मग ते उतारूंकडे वळले. "ह्यो माझ्याकडं शिकला. आला तवा नुसता धनगर. म्हटलं, मोटारीला पानी दाव. ह्यानं बादली नेऊन तिच्या तोंडाफुडं ठिवली आन् बसला वाट बघत."

"पेली का?" केराबाईने विचारलं.

"ह्यो शीळ घालत व्हता तिनं प्यावं म्हणून."

सगळे खदखदले. बिरप्पाही हसला. ही गोष्ट शिवशरण गॅरेजमध्ये येईल त्याला सांगत, आणि तेव्हा बिरप्पाला मान वर करवत नसे. आज ती संपू नये असं त्याला वाटलं. नळी जागेवर बसवताना त्याने मुद्दाम वेळ लावला.

एकोणीसशे पंचवीस साली तो मैंदर्गीजवळच्या वस्तीवरून सोलापूरला आला होता. स्टेशनाकडच्या रस्त्यावर शिवशरणांची पत्र्याची शेड होती. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की तो उठे, रॉकेलच्या डब्यात सुटे भाग धुवायला बसे. थंडीत रॉकेलने बोटं बधिर होत. नऊच्या सुमारास मिस्त्रींची बायको सुंदरम्मा भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन येई आणि हात नीट धुतल्याशिवाय भाकरीला शिवू देत नसे. किती धुतले तरी भाकरीला रॉकेलचा वास लागेच. पुढे बिरप्पाचं लग्न झालं, अक्कलकोटात घर झालं, बायको चांगली रांधी. पण एखाद्या सकाळी भाकरीचा तुकडा मोडून तो नुसताच नाकाशी धरी. बायको विचारी, "करपली का?" तो म्हणे, "न्हाय."

शिवशरणांची शिकवण थोडकी आणि कडक होती. सगळ्यांत कडक नियम हँडलचा. मोटार सुरू करायला पुढून हँडल मारायचं, आणि त्याआधी स्टिअरिंगखालची ठिणगीची दांडी मागे ओढलेली हवी. ती पुढे राहिली तर ठिणगी वेळेआधी पडते आणि हँडल उलटं फिरून हात मोडतं. इंजिनाने पकडलं की लगेच दांडी पुढे घ्यायची, नाहीतर जुनं इंजिन पुन्हा बसतं. म्हणून माणसं दोन लागत. एक हँडलवर, एक आत स्टिअरिंगमागच्या गादीवर. हँडलवरचा विचारी, "दांडी?" गादीवरच्याने बघून सांगायचं, "मागं हाय." शिवाय हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. म्हणजे हँडल उलटलंच तर हातातून सुटून जातं.

सत्तावीसच्या उन्हाळ्यात एका डॉक्टरची मोटार आली होती. बिरप्पा गादीवर होता. समोरच्या रस्त्याने मेंढरांचा कळप चालला होता, आणि कळपामागचा माणूस त्याला आपल्या चुलत्यासारखा वाटला. "दांडी?" शिवशरणांनी विचारलं. "मागं हाय," बिरप्पा म्हणाला. त्याने बघितलं नव्हतं.

आवाज झाला आणि शिवशरण खाली बसले. बिरप्पाचा हात दांडीकडे गेला. ती पुढे होती. त्याने ती मागे ओढली आणि मग उडी मारली.

"दांडी मागंच व्हती न्हवं?" शिवशरणांनी दातांतून विचारलं.

"व्हय, मिस्त्री."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हात गळ्यात बांधलेला असताना त्यांनी डाव्या हाताने त्या मोटारीचं इंजिन उतरवलं. तीन दिवस चाकांचा एकेक दात, एकेक तार तपासली. सगळं जागच्या जागी होतं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "मोटारीत दोष न्हाय. माझाच अंगठा मुठीत गेला असणार. वीस वर्सं हँडल मारलं, आन् अंगठा चुकला."

बिरप्पा त्या दिवशी बोलला नाही, कारण हाकलून देतील अशी भीती होती. पुढे भीती गेली, तरी बोलायचं राहिलंच. मनगट वाकडं पण धड झालं, तरी शिवशरणांनी हँडलला हात लावला नाही. एखादा नट आवळला की म्हणत, "बिरप्पा, जरा बघ रं, बसला का." गिऱ्हाइकांच्या हे ध्यानात आलं. एकोणतीस साली शेड बंद झाली. बिरप्पाला सर्विस मोटारीवर काम मिळालं. शिवशरण एका गोदामाच्या दारावर बसतात हे त्याला ठाऊक होतं. सोलापुरात असला की तो ती गल्ली टाळी.

"तुझ्या हाताखाली गडी न्हाय का?" शिवशरणांनी आता विचारलं.

"हाय की, गुंडा नावाचा. हिवतापानं निजलाय."

"मग मी बसतो गादीवर. तू मार."

ते एका हाताने धरून वर चढले. बिरप्पा पुढे गेला, हँडल बसवलं.

"दांडी?"

बिरप्पाने काचेतून पाहिलं. शिवशरण वाकले होते, दांडीला बोट लावून बघत होते.

"मागं हाय."

तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाने पकडलं. उतारू चढले. शिवशरण सरकले आणि पुढेच, त्याच्या शेजारी बसले. वाटेत त्यांनी सांगितलं. ते लेकीकडे निघाले होते, अंबुबाईकडे. तिला मुलगा झाला होता. एक रात्र राहायचं, उद्या सोलापूर गाठायचं, गोदामाचा मालक त्याहून जास्त सुटी देत नाही.

"उद्या मीच नेतो की तुमाला," बिरप्पा म्हणाला. "फुडंच बसा."

"बसतो." ते खूश झाले. थोड्या वेळाने त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. अजून रातचं आठवतंय. मला वाटतंय, अंगठा बाहेरच व्हता. पर कसा असंल? म्हातारं मन, आपल्याच बाजूनं बोलतंय."

बिरप्पाने समोरचा खड्डा चुकवला.

"बाहेरच व्हता, मिस्त्री."

"तू कुटं बघितलास?"

"दांडी फुडं व्हती. मी न बघताच मागं हाय म्हटलं. तुमी पडल्यावर वढली."

मोटार ओढ्यात उतरली, वर आली. मागे केराबाई कुणाला तरी नीट सरकून बसायला सांगत होती.

"किती फुडं?" शिवशरणांनी विचारलं.

"अर्धी."

"अर्धी." त्यांनी मान हलवली. "तरीच मनगटावर निभावलं. पुरती असती तर कोपर गेलं असतं."

बिरप्पा शिव्यांची वाट पाहत होता. दहा वर्षं त्याने त्या मनात ऐकल्या होत्या, आणि शिव्या संपल्यावर मिस्त्री म्हणतील, "चल, रॉकेल घे," इथपर्यंत त्या त्याला पाठ होत्या. शिवशरण मात्र हात पालथा करून पाहत होते, मग उलटा करून. त्यांचा चेहरा सैल झाला होता.

"हात बरोबर व्हता," ते म्हणाले. ते बिरप्पाला सांगत नव्हते.

मैंदर्गीच्या वेशीत मोटार थांबली. अंबुबाईचा नवरा न्यायला आला होता. शिवशरण उतरले आणि पिशवी त्याच्याकडे न देता आपल्याच उजव्या हातात धरली. बिरप्पा इंजिन चालू ठेवून खाली आला.

"सकाळी सातला निघतो, मिस्त्री. हितंच थांबतो."

"नगं." आवाजात राग नव्हता. निकामी भाग बाजूला ठेवताना ते असंच म्हणत. "दुसऱ्या मोटारीनं जाईन."

"दुसरी आता गुरुवारी हाय."

आज सोमवार होता. शिवशरणांनी क्षणभर विचार केला.

"मग गुरुवारी," ते म्हणाले, आणि जावयाच्या पुढे चालू लागले.