धूळ मोजायचं यंत्र

पाहुणा यायचा असला की सत्यभामेच्या अंगणात तीनदा सडा पडायचा. एकदा पहाटे, एकदा पाहुणा फाट्यावर उतरला असं कळलं की, आणि एकदा तो वळणावर दिसायला लागला की, निव्वळ हौसेनं. म्हणून शहरातल्या कॉलेजातली हवा तपासणारी माणसं यंत्र ठेवायला जागा बघत खडकेवाडीत फिरली आणि शेवटी याच अंगणात येऊन थांबली, यात कुणाला नवल वाटलं नाही. गावात चपला बाहेर काढाव्याशा वाटतील असं ते एकच अंगण होतं.

खडी क्रशर तिथून चारशे पावलांवर. ही पावलं सत्यभामेचा नवरा बब्रुवान अकरा वर्षं रोज चालला. सुरुवातीला जायला जेवढा वेळ तेवढाच यायला लागायचा. शेवटच्या वर्षी यायला तिप्पट, कारण दर पन्नास पावलांवर खोकण्यासाठी उभं राहावं लागायचं.

येरमाळ्याकडून येणाऱ्या बसमधला नवखा माणूस डोंगराखालचं पांढरं बघतो आणि म्हणतो, "काय छान धुकं पडलंय!" शेजारी बसलेला खडकेवाडीचा माणूस उत्तर देत नाही. खोकतो. तेच उत्तर समजायचं.

क्रशर इंद्रजितशेठचा. शेठ मनानं उदार. गावात मयत झाली की पहिली जीप त्यांची, मातीला सगळ्यांत पुढं उभे तेच. कोण किती लवकर गेलं याचा आकडा मात्र त्यांनी कधी मांडला नाही. तो ज्याच्या त्याच्या बायकोनं मांडायचा. सत्यभामेनं मांडला होता: बब्रुवानासकट क्रशरच्या दगड फोडणाऱ्या जबड्यापाशी उभे राहणारे सहा जण. दोन गेले, तिघं खाटेवर, एक पुण्याला पळून गेला म्हणून अजून मोटारसायकल चालवतो. स्वतः बब्रुवान त्या खाटेवरच्या तिघांतला. सरकारी दवाखान्यात त्याची थुंकी दोनदा तपासली. जंतू दोन्ही वेळेला सापडला नाही, टीबीच्या गोळ्या मात्र दोन्ही वेळेला सापडल्या.

तर यंत्र आलं. धान्याच्या डब्याएवढं, वर जाळीचं तोंड, आत बारीक गुरगुर. ते घेऊन आली शिवप्रिया मॅडम, मूळची मुरुमची, अंगानं काडी, बोलायला गोड. तिचे मोठे सर मात्र गाडीतून उतरले नाहीत. बाहेर धूळ फार होती म्हणून काच वर करून बसले.

"काकू, हे नऊ दिवस इथंच राहील," शिवप्रिया म्हणाली. "हात लावू नका. लई महागाचं आहे, तेवढं जपा."

"लई म्हंजी किती, पोरी?"

"तुमच्या घरापेक्षा जास्त," ती हसून म्हणाली. वाईट हेतूनं नव्हे. पण काही वाक्यं हसून म्हटली तरी लागतात.

मग तिनं बब्रुवानाला प्रश्न विचारून कागद भरला. घरात चूल आहे का? हाय, आंघुळीच्या पाण्याला. बरोबरची खूण. तंबाखू? "सोडून बारा वर्सं झाली," बब्रुवान म्हणाला. म्हणजे खात होता, बरोबरची खूण. काम? कागदावर शेती होती, नोकरी होती, दुकान होतं. दगडाचा जबडा नव्हता. तिनं 'इतर' लिहिलं. सरांनी गाडीतून हॉर्न वाजवला.

दुपारी एकला सुरुंग उडाला. दोन वाजेपर्यंत यंत्रावर बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर बसला. सत्यभामेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याची वस्तू, घरापेक्षा महागाची, आपल्या भरवशावर टाकून गेलेली, आणि पहिल्याच दिवशी तिची ही दशा! हात लावायचा नाही म्हणाली होती. म्हणून सत्यभामेनं हात लावला नाही. पेटीतला आहेराचा कोरा टॉवेल काढला, ओला करून पिळला, दुहेरी केला, आणि ज्या हातानं ती रोज माठ झाकते त्याच सफाईनं यंत्र झाकलं. वारा उडवील म्हणून सुतळीनं बांधलं. ओलं फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं. नऊ दिवस. नातवंडाला जपत नाहीत असं जपलं.

नवव्या दिवशी शिवप्रियाचा फोन आला, निघालोय म्हणून. सत्यभामेनं टॉवेल काढला, पदरानं यंत्र लख्ख पुसलं, वर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली.

"अय्या काकू!" शिवप्रिया म्हणाली. "बाकी गावांत यंत्राचे हाल बघवत नाहीत. तुम्ही किती नीट ठेवलंत!"

हे वाक्य सत्यभामेनं पुढं चार दिवस गावाला ऐकवलं. शेजारच्या कोंडाबाईला दोनदा.

तीन महिन्यांनी फाट्यावर फ्लेक्स लागला. वर इंद्रजितशेठ, काळा चष्मा, हात जोडलेले. खाली लाल अक्षरांत: 'खडकेवाडीची हवा शुद्ध! शास्त्रज्ञांचा अहवाल!' त्याखाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो. चौदांतले पाच औषधावर होते, आणि एकाचा फोटो तर लग्नातला कापून लावलेला, कारण त्यानंतर त्याला सरळ उभं राहून फोटो काढता आला नव्हता.

कोंडाबाई तिथूनच ओरडत आली. "सत्यभामे, अगं तुझ्या अंगणात म्हणं थंड हवेचं ठिकाण निघालं! आता खोल्या बांध, भाड्यानं दे!"

सत्यभामा तडक ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक पंचाक्षरी हा भला माणूस. भला म्हणजे कुणालाच नाही न म्हणणारा. त्यानं अहवाल काढून वाचून दाखवला. क्रशरच्या सर्वांत जवळच्या घरात धूळ मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी. गावातल्या छातीच्या विकारांचं कारण प्रामुख्यानं चुलीचा धूर आणि तंबाखू.

"चुलीचा?" सत्यभामा म्हणाली. "कुणाच्या चुलीचा?"

"सगळ्यांच्याच, काकू. सर्वसाधारण लिहिलंय."

"माझ्या चुलीवर दोन हंडं पानी तापतं, भाऊ. तेबी सकाळच्या पारी. त्यानं ह्यांची छाती दगड झाली व्हय? मंग माझी का झाली न्हाय? चुलीम्होरं तर म्या बसते!"

पंचाक्षरीला उत्तर कळत होतं, हाच त्याचा त्रास होता. खाली मान घालून त्यानं पुढचं सांगितलं. गुरुवारी ग्रामसभा आहे. शाळेमागच्या गायरानात शेठचा दुसरा क्रशर, त्याला गावाची हरकत नाही असा ठराव घ्यायचाय. ठरावाला हाच अहवाल जोडायचा.

शाळेमागं. म्हणजे एक क्रशर इकडून, एक तिकडून, मधे साठ पोरं. येरमाळ्याच्या येडाई देवीच्या जत्रेत माणसं श्रद्धेनं चुनखडीचे खडे वेचतात, तीही वर्षातून एकदा. इथं खडी रोज नाकातून वेचायची, आणि वेचणारी पोरं दुसरीतली.

घरी येऊन तिनं शिवप्रियाला फोन लावला.

"पोरी, तुझ्या कागदावर धूळ कुठं गेली?"

"काकू, मलाही आकडे कमी वाटले होते. सर म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही." मग तिनंच विचारलं, "यंत्राला काही झालं होतं का? बंद पडलं, हललं?"

"काय बी झालं न्हाय. एवढं जपलं. रोज वला टॉवेल, डबल करून, वरून बांधून..."

"नऊही दिवस?" शिवप्रियानं मधेच विचारलं.

"तूच म्हनली व्हतीस जपा म्हनून."

"काकू, ते यंत्र धूळच मोजत होतं. धूळ आत जायला हवी होती."

सत्यभामेचे कान तापले. नऊ दिवसांची माया, आणि ती शेठच्या कामी आली! पण लाज वाटून संपायच्या आत पलीकडून आवाज आला, हलका, घाईघाईचा: "हे कुणाला सांगू नका हं काकू. अहवाल वर गेलाय. सरांचं नाव आहे, माझं तीन वर्षांचं काम आहे. पुढच्या वेळी आपण नीट करू."

"पुढच्या येळंला? शाळंमागं मशीन बसल्यावर?"

"माझ्या हातात नाही ना काकू."

"मंग हातात हाय काय तुझ्या? आमाला येवढंच सांगितलंस की वस्तू महाग हाय. कशासाठी हाय ते सांगितलं असतंस तर म्या उघड्या अंगणात त्याच्याशेजारी बसून खोकले असते की!"

फोन ठेवल्यावर बब्रुवान खाटेवरून म्हणाला, "गप बस. गाव हसंल. म्हनतील, हिनंच शेठला सर्टिफिकेट दिलं."

"दिलंच की," सत्यभामा म्हणाली. "आता ते परत घ्याया नगं?"

बब्रुवानाला पुढं बोलायला दम पुरत नव्हता, आणि हे तिला माहीत होतं. म्हणून त्याच्या वाटणीचंही तीच बोलायची.

गुरुवारी सभेला माणसं नेहमीपेक्षा दुप्पट, कारण शेठनं भज्यांची सोय केली होती. शेठ बोलायला उठले. विकास आला, रोजगार आला, मग शास्त्र आलं. "आमच्यावर आरोप करणाऱ्यांनी हा अहवाल बघावा. आणि यंत्र कुठं होतं? आमच्या घरी न्हाय. सत्यभामाकाकूंच्या अंगणात! ज्यांचा माणूस आमच्यावर रुसलाय, त्यांच्याच घरात!"

टाळ्या पडल्या. सत्यभामा उठली.

"शेठ खरं बोलतायत. यंत्र माझ्याकडंच व्हतं. आन् म्या ते नऊ दिवस वल्या टॉवेलानं झाकून ठिवलं. आत धूळ गेलीच न्हाय, तर मोजंल काय?"

सभा हसली. पुरुषांच्या बाजूनं कुणी म्हणालं, "काकू, थंडी वाजत व्हती का त्याला?" सत्यभामा हसू ओसरेपर्यंत उभी राहिली. हसता हसता तिघांना खोकला लागला, तोही थांबू दिला.

शेठ मात्र उखडले. "म्हणजे बघा! शास्त्रज्ञांच्या यंत्राशी खेळ! हा गुन्हा आहे. पंचाक्षरी, लिहा. ह्या बाईनं यंत्र झाकून तपासणीत गोंधळ केला, इतिवृत्तात लिहा!"

"लिव्हा," सत्यभामा म्हणाली. "गुन्हा माझाच हाय. पर नुसतं झाकलं म्हनून लिव्हू नगा. कशापायी झाकलं तेबी लिव्हा. येड लागलं म्हनून न्हाय झाकलं. धूळ बसत व्हती म्हनून झाकलं."

पंचाक्षरीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. गुन्हा लिहिला की धूळही लिहिली जाते, हे शेठला समजायला त्याच्यापेक्षा अर्धं मिनिट जास्त लागलं. समजलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम मायेचा झाला.

"जाऊ द्या हो. बाईमाणूस आहे. अडाणीपणानं झालं. काही लिहू नका."

"का म्हनून? आत्ता तर गुन्हा व्हता!" सत्यभामा पुढं येऊन टेबलाजवळ उभी राहिली. "म्या माझा गुन्हा सोडत न्हाय. लिव्हा भाऊ. तुमाला आधी शेठनं सांगितलंय, आन् आता म्याबी सांगते."

पंचाक्षरीनं लिहिलं. "वाचा," ती म्हणाली. त्यानं वाचलं: '...यंत्रावर किरकोळ धूळ बसत असल्याने झाकून ठेवले.'

"किरकोळ खोडा."

"काकू..."

"खोडा. तुमच्या मोटारसायकलीची शीट तुमी सकाळधरनं तीनदा झटकली. म्या बघितलंय."

त्यानं खोडलं.

मागून कोंडाबाई उठली. "माझाबी गुन्हा लिव्हा. म्या पापड वाळत घालते तर वरून धोतर टाकते. पापडाला काय थंडी वाजत न्हाय."

आता बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. कुणी दुधाचं पातेलं सांगितलं, कुणी दळण. शिवकन्या, शेठच्याच ट्रकवरच्या ड्रायव्हरची सून, तीन महिन्यांची बाळंतीण, उठू की नको करत उठली. नवरा समोर बसला होता, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "म्या पाळना झाकते. वला दुपट्टा टाकून. सुरुंगाच्या टायमाला."

आता पुरुषांतलं कुणी हसलं नाही.

शेठनं भज्यांची आठवण करून दिली. कुणी उठलं नाही असं नाही. पुरुषांतली निम्मी माणसं उठली, कारण गावात नोकऱ्या दोनच, एक शेठची आणि एक नसलेली. पण बायका बसून राहिल्या. पंचाक्षरीनं एकोणीस गुन्हे लिहून घेतले, प्रत्येकीसमोर सही किंवा अंगठा. हरकत नसल्याचा ठराव त्या दिवशी मांडलाच गेला नाही. पुढच्या सभेत मांडतील, शेठ काही असे थकणारे नव्हेत. आणि सभा उठायच्या आतच एकचा सुरुंग उडाला, कारण पहिल्या क्रशरला कुणाची हरकत असायचा प्रश्नच नव्हता.

माणसं पांगली. सत्यभामा टेबलाजवळच होती.

"मला ह्याची नक्कल पायजे. शिक्क्यासकट. कॉलेजला धाडायचीय, त्या गाडीतल्या सरांच्या नावानं."

"सोमवारी देतो, काकू. शिक्का कपाटात आहे, किल्ली शिपायाकडं."

"मंग म्या सोमवारपातूर इथंच हुबी हाय."

पंचाक्षरीनं तिच्याकडं बघितलं. मग वहीवर नव्यानं बसलेली पांढरी भुकटी बाहीनं पुसली, खाली वाकून टेबलाचा खण ओढला. शिक्का खणातच होता.