दोन बिल्ले, एकच खाच

घड्याळजींचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. जुन्या फ्रेंच पलटणींचे पितळी बिल्ले जमवायचा त्यांना नाद होता. असा बिल्ला दिला की शिपायाला छावणीच्या कँटीनमध्ये पेलाभर दारू मिळायची. बिल्ल्यांच्या कपाटाला बायकोनेसुद्धा हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता.

आज जुन्या वस्तूंचा दुकानदार एक बिल्ला विकायला घेऊन आला आणि घड्याळजी भडकलेच. त्यांच्या लाडक्या बिल्ल्यावर पलटणीच्या आकड्याखाली जी खाच होती, तीच खाच, त्याच जागी, यावरही होती.

"दोन बिल्ल्यांना एकाच जागी, एकसारखीच खाच कशी पडेल रे? माझ्या बिल्ल्याचा साचा काढून ओतलायस हा, चोरा!"

"तुमचा बिल्ला मी कधी हातात तरी धरलाय का?" दुकानदार म्हणाला. "आधी भिंग लावून बघा."

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. दुकानदाराच्या बिल्ल्यावरची अक्षरं धारदार होती. त्यांच्या स्वतःच्या बिल्ल्यावरची मात्र बोथट होती, वर ओतकामाची बारीक छिद्रंही दिसत होती. घड्याळजींचा चेहरा खर्रकन उतरला.

"कुणाला दिला होतात का?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"छे! फक्त मेव्हण्याला, गेल्या महिन्यात, फोटो काढायला. घरचाच माणूस, म्हणून परत आल्यावर तपासलाही नाही."

तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली, "अहो, दादाचा फोन आहे. पुढचा बिल्ला कधी नेऊ, विचारतोय!"