खिडकीतून काढलेली उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे. माझ्यावर आजवर कोणी डोकं टेकवलेलं नाही. मी खिडकीतली उशी. लांबीला खिडकीएवढी, जाडीला कोपराएवढी. आमच्याकडच्या जुन्या घरांना दुहेरी खिडक्या असतात, एक आत आणि एक बाहेर. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत हिवाळाभर माझ्यासारखी एखादी लांबट उशी आडवी पडून असते. काम एकच, वारा अडवायचा.

माझ्या पोटात जुने लोकरी मोजे आणि चिंध्या आहेत. त्यांना फारसं काही वाटत नाही. म्हणून जे घडलं ते जसं घडलं तसं सांगते.

मला स्तामेनाने शिवलं. तेव्हा ती या घरातली नवी सून होती. तिची पहिली मुलगी पाळण्यातच, छातीत कफ भरून गेली. डॉक्टरांनी काही वेगळं नाव घेतलं होतं, पण सासू म्हणाली, "खिडकी तू उघडी टाकलीस. प्रोमाया लागली पोरीला." प्रोमाया म्हणजे या खिडकीतून शिरून त्या दारातून आरपार जाणारा वारा. आमच्याकडे साप चावला तर माणसं औषध शोधतात, प्रोमाया लागली म्हटलं की हात टेकतात. स्तामेनाने नवऱ्याचा, ब्लागोयेचा, सैन्यातला जुना कोट उसवला, मला शिवलं आणि दोन्ही हातांनी खिडकीत दाबून बसवलं. टाके इतके जवळजवळ की दोन टाक्यांमध्ये सुईचं टोक जायचं नाही.

तेव्हापासून घरात सगळ्याचं कारण एकच. मान आखडली, प्रोमाया. दाढ ठणकली, प्रोमाया. पुढे मिओद्राग झाला, मोठा झाला, गणितात नापास झाला, तर त्याला वर्गात खिडकीशी बसवलं होतं म्हणून. मोठ्या माणसांना एक उत्तर सापडलं की ती ते सगळ्या प्रश्नांना लावत सुटतात. मधल्या मध्ये प्रश्न बदलला, हे त्यांच्या गावीही नसतं.

खरं सांगायचं तर मी वारा कधीच धड अडवला नाही. खिडकीची लाकडं वाकली होती. मी कितीही फुगून बसले तरी कोपऱ्यातून एक बारीक धार आत यायचीच. ती जमिनीलगत सरकत लोखंडी चुलीकडे जायची, चूल ती ओढून घ्यायची आणि सगळा धूर धुरांड्यातून वर ढकलायची. इतकी वर्षं हे घर त्या धारेवर श्वास घेत होतं आणि कौतुक माझं होत होतं. उशीला कोण विचारतं? विचारलं असतं तरी स्तामेनाला ते ऐकायचं नव्हतं.

गेल्या पानगळीत मिओद्रागने व्हिएन्नाहून माणसं पाठवून घरभर नव्या खिडक्या बसवल्या. पांढऱ्या, प्लास्टिकच्या, कडांना रबर लावलेल्या. बंद केल्या की शेजारच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा आत येईना. स्तामेनाने मेणबत्ती पेटवून फटीपाशी धरली. ज्योत हलली नाही. तिने मेणबत्ती चारी कोपऱ्यांत फिरवली. ज्योत सरळ उभी. मग ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच मागे रेलली. मला तिने चुलीशेजारी जमिनीवर टाकलं.

तिथे मी च्वारकची झाले.

च्वारक म्हणजे घरातलं मांजर, वर्षाचंही न झालेलं, पिवळट तांबडा बोका. डुकराची चरबी तळून जे कुरकुरीत तुकडे उरतात त्यांना आमच्याकडे च्वारक म्हणतात. ब्लागोयेने याला मक्याच्या कोठारातून कोटाच्या खिशात घालून आणलं, आणि घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या याने ताटातला एक तुकडा पळवला. नाव तिथेच पडलं. पडद्यावर चढणं, ब्लागोयेचं वर्तमानपत्र तो वाचत असतानाच मधोमध फाडणं, स्तामेनाच्या विणकामाचा गुंडा अंगणापर्यंत नेणं हा त्याचा रोजचा उद्योग. माझे घट्ट टाके तर त्याने पहिल्या भेटीतच उसवायला घेतले. नखं आत शिरायची, मोजे बाहेर यायचे. मला काही वाटलं नाही, पण कोणी माझ्याशी खेळतंय हे कळत होतं.

थंडी वाढली. ब्लागोये चुलीत लाकडं कोंबायचा आणि निखारा टिकावा म्हणून झडप निम्मी लावून ठेवायचा. च्वारक माझ्यावर झोपू लागला.

"शहाणा झाला गं," स्तामेना म्हणाली. "पूर्वी घर डोक्यावर घ्यायचा."

"वयात आला," ब्लागोये म्हणाला. "आता लग्नाचं बघायला हवं."

पण तो सकाळी बरा असायचा आणि चूल पेटून तासभर झाला की ढेपाळायचा. माझ्यावर त्याचं वजन वेगळं लागू लागलं. झोपलेलं मांजर हलकं असतं. कान जागे असतात, शेपटीचं टोक जागं असतं. हा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडायचा. वाटीतलं दूध साय धरून तसंच राहायचं.

कालिना आली ती तेव्हा. मिओद्रागची मुलगी. आईबाप व्हिएन्नाला, ही आजीआजोबांपाशी वाढली आणि आता नीश शहरात कायदा शिकते. परीक्षेच्या अभ्यासाला ती जाडजूड पुस्तकं घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरात फतकल मारून जमिनीवर बसली, कारण ऊब तिथेच.

"फरशीवर बसू नकोस, मुलं होणार नाहीत," स्तामेना.

"बरं होईल."

"आणि केस ओले आहेत तुझे."

"आजी, केसांना पण मुलं होणार नाहीत का?"

मग तिचं लक्ष च्वारककडे गेलं. तिने त्याला उचललं. त्याचे पाय खाली लोंबले. तिने दोरी हलवली, कागदाचा बोळा फेकला, कानाशी शीळ घातली. त्याने एक डोळा अर्धा उघडला आणि मिटला.

"हा कधीपासून असा आहे?"

"थंडी आहे ना," स्तामेना म्हणाली. "आणि तुझे आजोबा दार उघडं टाकून लाकडं आणायला जातात. प्रोमाया लागलीय त्याला."

"सगळ्याला प्रोमाया! उद्या देशात निवडणूक झाली तरी प्रोमाया!"

"तेही आहेच," ब्लागोये म्हणाला. त्याच्या कपाळाला बटाट्याच्या चकत्या लावून वर फडकं बांधलेलं होतं. त्याचं डोकं दुखायचं. मान्य करायचा नाही, पण रोज बटाटा सोलला जात होता. स्तामेना हल्ली भाजी चिरता चिरता मध्येच सुरी ठेवून बसायची. कालिनाला पुस्तकातली ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागायची. पण या घरात काळजी फक्त मांजराची होत होती. स्वतःच्या दुखण्याला तिघांकडेही तयार कारणं होती: म्हातारपण, थकवा, परीक्षा.

स्तामेना उपाय करत होती. दाराखालच्या फटीत तिने चिंधी कोंबली. किल्लीच्या भोकात कापूस. मी सगळं पाहत होते. जमिनीलगत आता काहीच सरकत नव्हतं.

कालिनाने च्वारकला टोपलीत घालून बसने गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. परत आली ती हसत. "बसमध्ये सारखा ओरडत होता! बाजारापाशी मासळीवालीचा वास आला तर टोपलीचं झाकण उचकटलं याने. माझ्या कोटाची लोकर ओढली, बघा!"

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"काही सापडत नाही म्हणाली. ताप नाही, हिरड्या तर लालचुटूक आहेत. जंताचं औषध दिलंय."

जेवणं झाली. आंबट कोबी होता, मक्याचा पाव होता. भांडी घासून होईतो च्वारक पुन्हा माझ्यावर येऊन पडला होता.

"बघ," स्तामेना म्हणाली. "बसमधून फिरवून आणलंस. लागली."

"आजी, बसमध्ये तो उड्या मारत होता!"

"मारत असेल. प्रोमाया लगेच दिसत नाही. मुरते."

"लोणचं आहे का मुरायला?" ब्लागोये डोळे मिटूनच म्हणाला.

तेवढ्यात च्वारकने उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उभे राहिले, मागचे राहिले नाहीत. तो कुशीवर पडला आणि माझ्यावरच त्याची लघवी झाली. मला आधी ऊब कळली, मग गारवा. तो बाजूलाही सरकला नाही. मांजर स्वतःच्या ओल्यात पडून राहत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

स्तामेनाने त्याला लोकरीच्या शालीत गुंडाळलं आणि चुलीच्या अगदी पुढ्यात नेलं. "ब्लागोये, लाकडं घाल. गार पडलाय हा."

"अजून लाकडं?" कालिना उठून उभी राहिली. तिचा आवाज चिरला होता. "शिजवा त्याला! मीठ पण घाला! काय झालंय ते बघायचं नाही, विचारायचं नाही, फक्त गुंडाळायचं! मला पण असंच गुंडाळून वाढवलंत!"

"कालिना, आवाज खाली."

"नाही करणार!" तिने खिडकीचा दांडा फिरवला आणि खिडकी सताड उघडली. अंगणाकडचं दार लाथेने उघडलं. दाराखालची चिंधी उडाली. "ही घे तुझी प्रोमाया! घे! बघूया कोणाला मारते!"

तिला काही कळलं होतं म्हणून तिने खिडकी उघडली नाही. सगळे म्हणतात, पोरगी शिकलेली, तिने ओळखलं. खोटं आहे. तिचा संताप अनावर झाला होता, एवढंच.

वारा घरातून आरपार गेला. पडदा छतापर्यंत उडाला, पुस्तकाची पानं फडफडली, चुलीने एकदम घरघर करून श्वास ओढला. स्तामेना च्वारकवर ओणवी झाली, पाठ खिडकीकडे करून, पाळण्यावर ओणवं व्हावं तशी.

ते पाहून कालिना विरघळली. खिडकी लावायला वळली. मग चौकटीला धरून तशीच थांबली, कारण तिला गरगरलं होतं.

"स्तामेना," ब्लागोये म्हणाला. त्याने कपाळावरच्या बटाट्याच्या चकत्या काढून हातात घेतल्या होत्या. "माझं डोकं."

"काय झालं?"

"हलकं वाटतंय."

शालीच्या आत च्वारक शिंकला.

कालिनाने चुलीकडे पाहिलं. मग धुरांड्याकडे. मग नव्या खिडकीच्या रबराकडे. तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"बाहेर," ती म्हणाली. "सगळे बाहेर चला. आजी, ऊठ."

"माझ्या चपला—"

"आजी, ऊठ!"

ती तिघं आणि मांजर बर्फात जाऊन उभी राहिली. मी घरातच होते. चूल विझेपर्यंत खिडकीतून हिमाचे कण आत येत राहिले आणि माझ्यावर बसत राहिले. पुढे गाडी आली, माणसं दवाखान्यात गेली, तिथे काय सांगितलं ते मला माहीत नाही. धुरांडं साफ करणारा आला तेव्हा मात्र मी होते. त्याने वरून काटक्यांचं एक भलंमोठं घरटं ओढून काढलं, कावळ्यांनी वसंतात बांधलेलं. धूर त्यातून जात होता, पण कसाबसा. जुन्या खिडक्या होत्या तोवर चुलीला बाहेरचा वारा मिळत होता आणि धूर रेटून वर जात होता. घर बंद झालं आणि जे वर जायचं ते मागे फिरून आत राहिलं. धुरातल्या त्या विषाला ना वास होता ना रंग. सगळ्यांत लहान छाती मांजराची, म्हणून ते आधी पडलं.

च्वारक वाचला. चालतो, खातो, अंगणात चिमण्यांमागे जातो. फक्त हाक मारली तर वळत नाही. भांडं पडलं तरी कान हलत नाही. डॉक्टरीण म्हणाली, कदाचित येईल ऐकू, कदाचित नाही.

मला धुतलं, पण वास गेला नाही. आता मी बाहेर ओसरीवर लाकडांच्या ढिगावर पडलेली असते. पाऊस लागतो, ऊन लागतं, लोकर सडत चालली आहे. ठीक आहे. तुमच्याकडे मागणं एकच. घरातला एखादा तरणा जीव, माणसाचा असो वा मांजराचा, गप्प गप्प झोपून राहू लागला, तर त्याचं कौतुक करू नका. तुमच्याकडे जे नेहमीचं उत्तर असेल ते त्याच्या अंगावर पांघरू नका. आधी खिडकी उघडा, भांडण नंतर करा.

च्वारक आता घरात झोपत नाही, बाहेरही झोपत नाही. तो बरोबर उंबरठ्यावर झोपतो. त्यामुळे दार लावता येत नाही. समोरची खिडकी कालिनाच्या हुकमाने बोटभर उघडी असते. दोन्हींच्या मधोमध, वाऱ्याच्या वाटेत, स्तामेना मानेला शाल गुंडाळून खुर्चीत बसते. च्वारकला उचलून बाजूला ठेवणं सोपं आहे. ती ठेवत नाही.

काल नीशहून कालिनाचा फोन आला. स्तामेनाला ऐकायला कमी येतं म्हणून तो मोठ्या आवाजावर असतो. मला ओसरीवरून सगळं ऐकू आलं.

"आजी, खिडकी?"

"उघडी आहे. मान धरलीय माझी."

"वाऱ्याने मान धरत नाही, किती वेळा सांगू!"

"मला शिकवू नकोस. आणि हळू बोल. तो झोपलाय."

पलीकडून कालिना खरंच हळू आवाजात म्हणाली, "बघ जरा."

स्तामेना खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात रोवून खाली वाकली आणि त्याच्या पोटाला बोट लावून थांबली. पोट वर आलं, खाली गेलं. तरी तिने बोट काढलं नाही. तिने त्याला हलकेच टोचलं. च्वारकने एक डोळा उघडला, तिच्याकडे वैतागून पाहिलं आणि कूस बदलली.

"उठला," ती फोनमध्ये म्हणाली.