एसेनाली तबिपाचा काळा डाग

गुरुवारी सकाळी बातमा अपाच्या दारात बूट काढायला जागा उरत नसे. तोकमोक गावच्या निम्म्या बायका आत लोकरीच्या नमद्यावर दाटीवाटीने बसलेल्या आणि मधोमध एसेनाली तबीप, म्हणजे गावठी वैद्य. तबीप गोळी देत नसे, सुई टोचत नसे. तो आजार अंगातून ओढून कापडावर आणत असे आणि सगळ्यांना दाखवत असे. एवढं स्वच्छ काम सरकारी दवाखान्यात होत नाही, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

त्या गुरुवारी सायराकान अपा आडव्या पडल्या होत्या. तबिपाने चौपदरी घडीचं पांढरं कापड त्यांच्या छातीवर ठेवलं आणि बाटली उचलली.

"हाडात शिरलेली थंडी, रक्तात शिरलेली नजर, सगळ्यांनी बाहेर या. हे पाणी सात झऱ्यांचं आहे. सातवा झरा अजून कुठल्याही नकाशावर नाही."

बाटली खिडकीतल्या फुलझाडांवर पाणी मारायची होती. तबिपाने तीनदा फवारलं. पांढऱ्या कापडावर आधी दोन-चार काळे ठिपके उमटले, मग ते एकमेकांत मिसळून वाटीएवढा डाग झाला. बायकांनी दुवा मागून तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

"पहिल्या वेळी नानएवढा होता," सायराकान अपांची लेक तुरसुनाय शेजारणीला म्हणाली. "आता बघ केवढासा राहिलाय."

"अजून तीन बैठका," तबीप म्हणाला, आणि त्याने घडी न उलगडता कापड चुलीत टाकलं. आजार घरी न्यायचा नसतो, असा त्याचा नियम होता.

भिंतीला टेकून सायराकान अपांची सून बसली होती, बुरुलचा. राजधानी बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी सासूच्या स्तनातली गाठ तपासून ऑपरेशनची तारीख दिली होती. ती तारीख सोमवारी येऊन गेली. 'चाकू लागला की गाठ चिडते,' असं तबीप म्हणाला होता, आणि तुरसुनायने आईला दवाखान्यात जाऊच दिलं नव्हतं. नवरा रशियात ट्रक चालवत होता. सुनेचं कोण ऐकणार?

पण कापड चुलीत जाण्याआधी बुरुलचाने डागाची कड पाहिली होती. काळ्याच्या बाहेर निळसर रेघ होती आणि एका बाजूला जांभळट ओघळ.

बुरुलचा केक करून विकायची. लग्नाचे, बारशाचे, निवृत्तीचे. पांढऱ्या क्रीमवर कागदी साचा धरायचा आणि छोट्या पंपाने खाण्याचा रंग फवारायचा, हा तिच्या हाताचा खेळ होता. गेल्याच महिन्यात एका पैलवानाच्या वाढदिवसाला तिने काळा घोडा फवारला होता. क्रीम थोडं ओलसर राहिलं, आणि सकाळपर्यंत घोड्याला निळी आयाळ आणि जांभळी शेपटी फुटली. खाण्याचा काळा रंग मुळात काळा नसतोच. निळा, तांबडा, पिवळा एकत्र करून तो बनवतात, आणि ओल मिळाली की जो तो आपापल्या वाटेने पसरतो. त्यावरून तिला पैलवानाच्या बायकोने चांगलंच ऐकवलं होतं.

घरी आल्यावर तिने रंगाच्या भुकटीची डबी काढली. जुन्या उशीच्या अभ्र्याची घडी केली, आतल्या पदरात चिमूटभर भुकटी झटकली आणि जास्तीची फुंकून टाकली. वरून कापड कोरं दिसत होतं. नळाचं पाणी फवारलं. अभ्र्याला आजार झाला.

पुढच्या गुरुवारी ती तशीच नवी घडी करून सोबत घेऊन गेली.

"तबीप आके," ती अदबीने म्हणाली, "माझ्याकडेही एक रोगी आहे. तुमचं पाणी जरा द्याल?"

"कोण रोगी?"

बुरुलचाने आपलं कापड बातमा अपाच्या चहाच्या गार समोवारवर पांघरलं आणि तबिपाच्याच बाटलीने तीनदा फवारलं. काळा डाग उमलला. चांगला नानएवढा.

तबीप घसा साफ करून म्हणाला, "या समोवारवर नजर आहे. जळक्या घरातली वस्तू दिसतेय."

"समोवार माझा आहे," बातमा अपा म्हणाली. "माझ्या आईने आंदण दिलेला. जळकं घर कुणाचं म्हणालास?"

मागे एक बाई खुदकन हसली आणि तिने ओढणी तोंडात कोंबली.

"बातमा अपा," बुरुलचा म्हणाली, "तुमच्या कपाटातला धुतलेला टॉवेल द्या. तो आमच्या आईंच्या छातीवर ठेवू. पाणी तबीपच मारतील."

"माझं कापड मंतरलेलं असतं," तबीप म्हणाला.

"मार रे," बातमा अपा म्हणाली. आंदणाचा अपमान तिला अजून सोसला नव्हता.

तबिपाने फवारलं. तीनदा, मग आणखी चारदा. टॉवेल ओला झाला. नुसता ओला.

"म्हणजे बऱ्या झाल्या," तबीप म्हणाला. "आज सकाळीच गेला असणार आजार."

"गेल्या गुरुवारी तर तीन बैठका राहिल्या होत्या," सायराकान अपा आडव्या पडूनच म्हणाल्या.

बुरुलचाने आपली घडी उलगडून आतल्या पदरात कोरडी राहिलेली केकच्या रंगाची भुकटी बायकांच्या बोटांना लावली. थुंकी लागली की बोटं काळी होत होती. कुणी चाखूनही पाहिली. गोंधळात तबीप बूट घालून निघून गेला. बाटली तिथेच राहिली.

घराकडे चालताना तुरसुनाय रडत होती. सायराकान अपांनी सुनेचा दंड धरला.

"पोरी, मग डाग दर वेळी लहान कसा होत होता?"

"तो भुकटी कमी टाकत होता, आई."

अपांनी कोटावरून छातीला हात लावला. "म्हणजे माझी गाठ होती तेवढीच आहे."

"असेल. कदाचित वाढलीही असेल. मला माहीत नाही. बिश्केकला तपासून कळेल."

"मग फोन लाव. घरी पोचायची कशाला वाट बघतेस?"

बुरुलचाने रस्त्यातच फोन लावला. ऑपरेशन अकरा दिवसांनी झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिलेल्या तारखेला आला असता तर बरं होतं. आता पुढची औषधं जास्त दिवस घ्यावी लागतील. सायराकान अपा ती घेतात, त्यांमुळे ओकारी येते आणि त्या औषधांना शिव्याही देतात. गाठ मात्र काढलेली आहे, आणि ती कुणी काढली, कशी काढली, हे कागदावर लिहिलेलं आहे.

एसेनाली आता दुसऱ्या गावात बसतो, असं ऐकू येतं. तुमच्या गावात आला तर भांडू नका. कापड तुमच्या घरातलं द्या, पाणी तुमच्या नळाचं द्या आणि काय उमटतं ते डोळे उघडे ठेवून पाहा. आणि काहीही उमटलं, तरी डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.